ऐनवेळचे काका

टर्फच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेआठला ‘एक कमी आहे’ असा मेसेज पडतो. पहिलं उत्तर कुणाचं येणार यावर खारघरात पैज लागत नाही, कारण विरुद्ध बाजूने पैसे लावायला कुणी मिळत नाही. ‘आलो.’ एवढंच उत्तर, पूर्णविरामासकट. दहाव्या मिनिटाला काका जाळीच्या दारात हजर. सत्तरी ओलांडलेली, पोटऱ्या मात्र अजून चाळिशीतल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत कीपरचे हातमोजे, गुडघ्याचे पट्टे, शिट्टी आणि सत्यनारायणाची पोथी.

‘‘काका, पोथी कशाला?’’ एका पोराने एकदा विचारलं.

‘‘असू दे रे. कुठं काय कमी पडेल, सांगता येतं का?’’

मग काका पोरांच्या चेहऱ्यांकडे न बघता मैदानाकडे बघतात. त्यांच्या भाषेत याला ‘भगदाड शोधणं’ म्हणतात. कीपर नसेल तर कीपर, बॅक नसेल तर बॅक. दोन्ही संघ पुरे असतील तर पंच. पंचही असेल तर नाल्याकडे गेलेला बॉल आणायला काका. त्यांना ‘तुम्ही कुठल्या जागेवर खेळता?’ असं विचारू नये. विचारलंत की ते विचारणाऱ्याला बाकावर बसवतात आणि कार्ल-हाइन्झ श्नेलिंगर सुरू होतो.

हा श्नेलिंगर पश्चिम जर्मनीचा. जन्म ड्युरेनचा, 1939 चा. तो मुळात डावा बॅक. पण गरज पडली की मधला बॅक, आणि पुढे वय वाढलं तसा सगळ्यांच्या मागे उभा राहून पसारा आवरणारा स्वीपर. 1958, 62, 66 आणि 70 असे चार विश्वचषक खेळला. कोलोन, मांतोवा, रोमा करत मिलानला पोचला आणि तिथे 1969 चा युरोपियन कप जिंकला. इटलीतले लोक त्याला ‘फोक्सवॅगन’ म्हणायचे. कुठल्याही रस्त्यावर चालते, कधी बंद पडत नाही आणि दिसायला कुणी वळून बघत नाही, हे स्पष्टीकरण काकांचं. स्वतःच्या बाबतीतही लागू पडेल अशा बेताने ते प्रत्येक शब्द तोलून म्हणतात.

देशासाठी सत्तेचाळीस सामने आणि गोल एक. त्या एका गोलावर काकांचं अर्धं आयुष्य उभं आहे. 17 जून 1970, मेक्सिको शहर, अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्य फेरी. इटली आठव्या मिनिटापासून एक-शून्य पुढे. बेकेनबाउअरचा खांदा निखळलेला, बदली खेळाडू संपलेले, म्हणून तो हात छातीशी बांधून खेळतोय. नव्वद मिनिटं संपून गेली. डावीकडून ग्राबोव्स्कीचा क्रॉस आला आणि गोलासमोर घसरत पाय लावला तो कुणी? म्युलरने नाही, झेलरने नाही. श्नेलिंगरने! जो पोटासाठी इटलीत खेळत होता, समोरच्या संघात ज्याचे मिलानमधले सोबती होते, ज्याने देशासाठी आधी एकही गोल केला नव्हता आणि नंतरही केला नाही. जर्मन समालोचक ओरडला : नेमका श्नेलिंगर! तो इतक्या पुढे गेलाच कसा? काकांच्या मते सामना संपत आला होता आणि कपडे बदलायची खोली त्या बाजूला होती, म्हणून. ‘‘घरी निघालेल्या माणसाला काम लागणं म्हणजे काय, ते आम्हा रेल्वेवाल्यांना विचारा.’’

पुढे जादा वेळेत आणखी पाच गोल झाले आणि जर्मनी 4–3 ने हरली. हे काका एका वाक्यात, पाणी पिता पिता सांगतात.

हा सामना काका असा रंगवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे ग्राबोव्स्कीच्या शेजारीच उभे होते. हिशेब करू नये. 1970 साली मुंबईत टीव्हीच नव्हता, दूरदर्शन आलं ऑक्टोबर 1972 मध्ये. काका तेव्हा कल्याणच्या रेल्वे कॉलनीतले सोळा वर्षांचे पोरगे. कुणाच्या तरी घरी आलेल्या शिळ्या परदेशी मासिकात त्यांनी तो फोटो पाहिला. हलता गोल पाहिला तो निवृत्तीनंतर, नातवाच्या मोबाइलवर. पाहून थोडे नाराजच झाले. त्यांच्या डोक्यातला श्नेलिंगर जास्त लांबून घसरत आला होता.

नोकरी मध्य रेल्वेत, स्टेशन मास्तर म्हणून. पण एका स्टेशनचे नव्हे. हुद्दा ‘रेस्ट गिव्हर’, म्हणजे ज्या मास्तराची साप्ताहिक सुट्टी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. सोमवारी वांगणी, मंगळवारी नेरळ, बुधवारी आणखी कुठे. प्रत्येक टेबलावर दुसऱ्याचा चष्मा, खणात दुसऱ्याची तंबाखू, भिंतीवर दुसऱ्याच्या गुरूंचा फोटो. काका म्हणतात, त्या फोटोंमुळे आपली झाडून सगळ्या संप्रदायांशी ओळख झाली. कायमचं स्टेशन मिळत होतं, तेव्हा त्यांनी विनंतीअर्ज करून ते टाळलं, असं काकू सांगतात. काकूंच्या सांगण्यात कौतुक नसतं.

काकूंची बाजूही नोंदवायला हवी. ‘‘साऱ्या खारघरला उपयोगी पडतात. घरातला गॅस संपला की हे सेंट्रल पार्कात कुणाच्या तरी कुत्र्याची साखळी धरून उभे.’’

आता राहण्याबद्दल. सिडकोने सेक्टर पंधरामध्ये घरं बांधली आणि त्या वसाहतीला नाव दिलं ‘स्पॅगेटी’. काकांचं घर तिथे. इटलीकडून हरलेल्या संघाचा हा भक्त, पत्त्यात ‘स्पॅगेटी’ लिहितो, यावर टर्फवरच्या पोरांनी बरीच करमणूक करून घेतली. काका शांत. ‘‘श्नेलिंगर खेळ संपल्यावर कुठं राहिला? मिलानजवळ. शेवटपर्यंत इटलीतच. ज्याला गोल मारायचा त्याच्याच गावात बिऱ्हाड करायचं, याला छाती लागते.’’ 2024 च्या मे महिन्यात श्नेलिंगर गेला, तेव्हा काकांनी आठवडाभर टर्फवर डाव्या बॅकची जागा रिकामी ठेवायला लावली. त्या आठवड्यात काकांचा संघ सगळे सामने हरला. एरवीही हरलाच असता, पण यावेळी कारण भारदस्त होतं.

काकांची सर्वांत मोठी खेळी मात्र मैदानावरची नव्हे, मंगल कार्यालयातली. शेजारच्या इमारतीतल्या मुलीचं लग्न. मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा आणि नवरीचा मामा सायन-पनवेल मार्गावर अडकलेला. फोनवर तो दर पाच मिनिटांनी ‘वाशी पूल’ असंच सांगत होता. गुरुजी घड्याळ बघतायत, वरपक्ष गुरुजींकडे बघतोय. नवरीला बोहल्यावर आणायला मामा हवा. काका तिथे खरं म्हणजे जेवायला आलेले. त्यांनी भगदाड पाहिलं. कुणाचा तरी फेटा उचलला, खोलीत गेले आणि नवरीचा हात धरून असे बाहेर आले की वराच्या आत्याने त्यांना ओळखीचं स्मित दिलं. मंगलाष्टकं संपता संपता खरा मामा घामाघूम होऊन दारात. आता हॉलमध्ये दोन मामा. काकांनी क्षणात फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला, त्याच्या हातातली बॅग स्वतः घेतली आणि बाजूला झाले. फोटोत पहिल्या निम्म्या अल्बमात एक मामा आहे, उरलेल्या निम्म्यात दुसरा. सासरी अजून कुणाला काही बोलता आलेलं नाही.

‘‘बदली खेळाडूचं खरं कौशल्य आत येण्यात नसतं,’’ काका त्या रात्री म्हणाले, ‘‘बाहेर जाण्यात असतं.’’ आणि मग पोसिपालवर घसरले. योझेफ पोसिपाल, जन्म रुमानियातल्या लुगोजचा, खेळला जर्मनीकडून. 1953 मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध 4–4 बरोबरीत सुटलेल्या सामन्यात युरोपभरातल्या निवडक खेळाडूंच्या संघात होता. मूळ जागा मध्यावरची, पण 4 जुलै 1954 ला बर्नमध्ये हंगेरीला 3–2 हरवून जर्मनी विश्वविजेती झाली तेव्हा हा उजवा बॅक. काकांचं जन्मसाल तेच. त्यांना यात योगायोग दिसत नाही, नियुक्ती दिसते.

बेकेनबाउअरबद्दल ते आदराने बोलतात, पण लांबून. ‘‘तो साहेब. त्यानं जागा बदलली की जागेचं नाव बदलायचं. आपण जागेप्रमाणे बदलणारे.’’

एवढी भक्ती असून जर्मनीने काकांना प्रत्यक्षात फार सुख दिलेलं नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा काका निवृत्तांच्या पासावर पनवेलहून मांडवी एक्सप्रेसने मडगावला गेले. फातोर्ड्याच्या मैदानात इराणच्या पोरांनी जर्मनीला चार-शून्य धुतलं. येताना काका काजू घेऊन आले आणि गोव्याच्या हवेविषयी बोलले. मग 2022 साली मुलींचा विश्वचषक. 30 ऑक्टोबरला तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनी विरुद्ध नायजेरिया, तोही नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. म्हणजे खारघरहून लोकलने तीन स्टेशनं. काका अख्खी टर्फ घेऊन गेले. नायजेरिया तीन-शून्य पुढे. टर्फवरची पोरं खाली बघू लागली. मग जर्मनीच्या मुलींनी एकेक करत तिन्ही गोल फेडले आणि काका खुर्चीवर उभे राहिले. पेनल्टीवर गेलं म्हणजे जिंकलंच, जर्मनी पेनल्टीवर हरत नसते, हे त्यांनी पुढच्या-मागच्या चार रांगांना समजावलं. नायजेरियाने पेनल्टी 3–2 ने जिंकल्या. त्या चारही रांगा वळून काकांकडे बघत होत्या. काकांनी तेवढ्यात शेजारच्या बाईंचं रडणारं मूल कडेवर घेतलं होतं. तिथे एक कमी होता.

अशा माणसाला गेल्या वर्षी सोसायटीने बिनविरोध अध्यक्ष केलं. वार्षिक सभेत सगळ्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली, तेव्हाच हे होणार ते दिसत होतं. आणि काकांचं बिनसलं. पहिल्याच बैठकीला सचिव आले नव्हते म्हणून इतिवृत्त अध्यक्षांनी लिहिलं. रखवालदार गावी म्हणून चहा अध्यक्षांनी आणला. ठरावाचे सूचक अध्यक्ष, अनुमोदकही तेच होऊ लागले तेव्हा खजिनदारांनी हात धरला. पुढच्या बैठकीला अध्यक्षांची खुर्ची रिकामी.

‘‘अध्यक्ष कुठंयत?’’

‘‘पंपावर. पंपवाला नाही आला.’’

तिसऱ्या बैठकीला ते लिफ्टमध्ये होते, दुरुस्तीवाल्याचा टॉर्च धरून. कायमची खुर्ची अंगावर पुरळ उठावं तशी त्यांना सोसेना. झोप येईना, आली तर स्वप्नात वांगणी स्टेशन. अखेर त्यांनी राजीनामा दिला, कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. काकूंनी पेढे वाटले.

आता प्रश्न नव्या अध्यक्षाचा. कुणीच तयार नाही. बैठकीत दहा मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग खजिनदार अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘नवीन माणूस मिळेपर्यंत… तात्पुरतं… एक कमी आहे.’’

‘‘आलो,’’ काका म्हणाले आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून त्याच जुन्या खुर्चीत जाऊन बसले.

तेव्हापासून सोसायटी झकास चालली आहे. थकबाकी वसूल झाली, गच्ची गळायची थांबली, लिफ्ट तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत न अडकता जाते. कागदोपत्री काका सही करतात तिथे खाली ‘हंगामी’ असा शिक्का मारतात. शिक्का स्वतःच्या पैशांनी करून आणलाय. आणि दर बैठकीच्या सुरुवातीला, घड्याळ बघत, मनापासून विचारतात, ‘‘अध्यक्ष अजून आले नाहीत ना? मग करूया सुरू.’’