दोन नंबरची भानगड

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि मला आनंद झाला. बायकोसमोर चेहरा गंभीर ठेवला, पण स्कॅनर विकत घेऊन बसलेल्या माणसाला या दिव्याची केवढी ओढ असते, ते घरी ब्लडप्रेशरचं मशीन आणलेल्यालाच कळेल. तोवर मी लग्नकार्यांत नातेवाइकांच्या ठणठणीत गाड्या तपासून दिवस काढत होतो.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात यंत्र खोचलं. मोबाइलवर निकाल आला : पी ०३०२. दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर. आता इथं कच्चे लोक फसतात. कोड फक्त काय बिनसलं ते सांगतो, कुणामुळे ते नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, गुन्हेगार कुणीही असू शकतो. मी पक्का. दोनची कॉइल तीनवर बसवली, तीनची दोनवर, कोड पुसला आणि सोसायटीभोवती चकरा मारल्या. पी ०३०३! दोष कॉइलबरोबर बिऱ्हाड हलवून शेजारी गेला होता. वॉचमनला हे सगळं सविस्तर समजावलं. त्यानं "बरं" म्हणून गेट उघडलं.

हे आमच्या रक्तातच आहे. मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. भर उन्हाळ्यात बोरघाट चढताना ती अमृतांजन पुलाच्या आसपास हटकून बसायची. याला व्हेपर लॉक म्हणत. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला. इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ ओढणं काही पंपाला जमायचं नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. मामांचं त्यासाठी राखीव फडकं होतं, मामीच्या जुन्या नऊवारीचं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात पुसलेले चालत नसत. बोनेट उघडलं की मागच्या गाड्यांतले पुरुष उतरून जमत. एक म्हणे पॉइंट घासा, दुसरा म्हणे कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. मामा फडकं पिळत शांत. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली की प्रत्येकाला वाटे, आपलंच खरं ठरलं. नुसतं थांबलं असतं तरी पंप निवला असता, अशी मला आजही दाट शंका आहे. पण मामांच्या हयातीत हे बोलायची कुणाची टाप नव्हती. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, पंप विजेवरचा झाला, थेट टाकीत पेट्रोलमध्ये जाऊन बसला आणि पुरुषांची एक अख्खी पिढी घाटात बेकार झाली.

तर, निदान खिशात घालून मी कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. टायवाल्या ॲडव्हायझरला दोन-तीनचा सगळा इतिहास सांगितला. त्यानं टॅबवर 'चेक इंजिन लाइट' एवढंच टिपलं आणि म्हणाला, "सर, लाउंजमध्ये बसा." काचेपलीकडे एक पोरगा आमच्या गाडीचं बोनेट उघडत होता. मी काय ऐकलं, कधी ऐकलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला आत जायची परवानगी नव्हती. थोड्या वेळानं एस्टिमेट आलं : चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, शिवाय एसीचं निर्जंतुकीकरण. आकड्याचा राग आलाच. पण त्याहून जास्त आला त्या काचेचा. आवाज ऐकलेला माणूस एकीकडे, हात काळे करणारा दुसरीकडे, आणि मध्ये टाय.

गाडी तशीच काढून कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेली.

"थंड असताना करते, का गरम झाल्यावर?"

जीव भांड्यात पडला. मी अगदी पहिल्या झटक्यापासून सुरुवात केली आणि त्यांनी मध्ये तोडलं नाही. स्कॅनरचा मात्र मुद्दाम उल्लेख केला नाही, म्हटलं, बघू. त्यांनी इंजिन चालू ठेवून कॉइलींची कनेक्शनं एकेक करून काढली आणि परत लावली. पहिलं काढलं, इंजिन अडखळलं. दुसरं काढलं, अडखळलं. तिसरं काढलं तर इंजिनाला पत्ताच नाही.

"तीन नंबर गेलाय." मग बोल्टवरून बोट फिरवत म्हणाले, "इथली धूळ पुसलीय. कॉइल अदलाबदल करून बघितलीय कुणीतरी. डोकं आहे माणसाला."

मी विनयानं चपलांकडे पाहिलं.

"कंपनीवाले असतील."

"मी!" असा ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

एका कॉइलवर काम भागलं. मग मी खिशातून यंत्र काढलंच. मिस्त्रींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. कानानं इंजिनं ओळखण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. आता काही नव्या गाड्यांत पार्ट बसवला, तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद झाल्याशिवाय गाडी तो मानतच नाही. केंद्र सरकारनं २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत, हे मी उत्साहानं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "चांगलंय. पण गिऱ्हाईक दारात उभं असतं, साहेब." आणि जरा थांबून, "हे दोन दिवस ठेवून जाता का?"

यंत्र एकटं कसं सोडणार? हल्ली ऑफिस सुटलं की मी तिथंच असतो. काल एका गाडीवर पी ०१७१ आला. हवा जास्त, पेट्रोल कमी. याची संभाव्य कारणं मी क्रमवार सांगायला घेतली. मिस्त्रींनी माझ्या हातात बॅटरी दिली.

"जरा धरा. खाली. अजून खाली. हं, आता बोलू नका, आवाज ऐकू द्या."