मध्यंतरातील मुन्सफ

चित्रपटकलेविषयी ज्यांनी एक अक्षरही वाचलेले नाही आणि तरीही ज्यांच्या अभिप्रायावाचून एकही चित्रपट सुटत नाही, अशा आमच्या एका स्नेह्यांचा दरबार मध्यंतरात, थिएटराच्या पायरीवर, खाऱ्या शेंगांच्या पुडीच्या साक्षीने भरतो. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (१९३६) नादियाबाई धावत्या आगगाडीच्या टपावर धटिंगणांना लोळवतात, तेव्हा वेग, वारा आणि गुरुत्वाकर्षण यांच्या समस्त तक्रारी हे गृहस्थ एका फटक्यात खारीज करतात. "बाईच्या अंगात धमक आहे," एवढा पुरावा त्यांना पुरतो. परंतु 'प्रभात'च्या 'कुंकू'चा (१९३७) मुकदमा पुढे येताच त्यांच्या ठायी सुप्त असलेला कायदेपंडित खडबडून जागा होतो. शांता आपट्यांची नीरा जरठ वराला पती मानण्यास नकार देते, हे त्यांना असंभाव्य वाटते. केशवराव दात्यांचे काकासाहेब स्वतः वकील असून पश्चात्तापाला इतका विलंब लावतात, हे तर सर्वस्वी बेकायदा. शिवाय दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीताला फाटा दिला, हा गुन्हा अदखलपात्र मानण्यास ते मुळीच राजी नाहीत, कारण सारंगी वाजल्याखेरीज रडायचे केव्हा, हे तिकीट काढणाऱ्याने ओळखावे कसे? नीरेच्या हाती पहिल्याच रिळात एक हंटर दिला असता, तर हे लग्न जुळवणाऱ्या मामासकट सारे प्रकरण मध्यंतरापूर्वी निकालात निघाले असते आणि शेवटची बसही चुकली नसती, असा त्यांचा फैसला आहे.