राखाडी पक्षाचा कार्यकर्ता

परदेशात राहणाऱ्या माणसाला मत नसतं, पण शर्ट असतो. थायलंडमध्ये २००६ नंतरची काही वर्षं शर्ट हेच मत होतं, त्यामुळे आम्हा उपऱ्यांची भलतीच पंचाईत झाली.

मूळ प्रकार अगदी निरुपद्रवी. थाई लोकांत प्रत्येक वाराला एक रंग आहे. रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार आकाशी आणि शनिवार जांभळा. ग्रह आपलेच, रंग त्यांचे. नवरात्रात पेपरात छापलेला रंग बघून साडी काढणाऱ्या आपल्या बायकांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी बँकॉकला आल्या आल्या एवढंच विचारलं, "म्हणजे नऊच दिवस नाही? वर्षभर?" तिच्या डोळ्यांतली चमक पाहून मी पाकीट चाचपलं.

राजे भूमिबोल सोमवारी जन्मले, म्हणून पिवळा हा राजांचा रंग. २००६ मध्ये त्यांच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली, तेव्हा दर सोमवारी अख्खं शहर पिवळं व्हायचं. आमच्या कंपनीनंही सगळ्यांना पिवळे पोलो शर्ट वाटले. सोमवारी सकाळी स्कायट्रेनच्या डब्यात शिरलं की लग्नाआधीच्या हळदीला आल्यासारखं वाटे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राजे इस्पितळातून बाहेर पडले ते गुलाबी कोट घालून, तर गुलाबी शर्टांवर अशी झुंबड उडाली की दुकानदारांना पुरवठा करता येईना. तोवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

मग राजकारण कपाटात शिरलं. पंतप्रधान थाकसिन शिनावात यांच्याविरुद्ध जे रस्त्यावर उतरले, त्यांनी राजनिष्ठेचा म्हणून पिवळा रंग घेतला. सप्टेंबर २००६ मध्ये लष्करानं थाकसिनना सत्तेवरून काढलं, तेव्हा ते न्यूयॉर्कला होते. त्यांच्या बाजूच्या लोकांनी लाल रंग घेतला. पिवळ्यांनी घोषणांच्या तालावर वाजवायला प्लास्टिकचे हात काढले, लालवाल्यांनी उत्तरादाखल प्लास्टिकचे पाय काढले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई दोन्ही विकायच्या. पाटीवर डावीकडे पिवळे शर्ट आणि हात, उजवीकडे लाल शर्ट आणि पाय, मधोमध आंब्याच्या फोडी. त्या कुठल्या बाजूच्या, असं मी एकदा विचारलं. त्यांनी आंब्याची फोड पुढे केली आणि २० बात मागितले.

२५ नोव्हेंबर २००८ ला पिवळे शर्टवाले सुवर्णभूमी विमानतळात शिरले आणि आठवडाभर तिथेच राहिले. लाखो प्रवासी अडकले. काहींना पट्टायाजवळच्या नौदलाच्या धावपट्टीवरून उडवावं लागलं. परदेशी माणसाला राजकारण कळायला लागतं ते असं, विमान चुकलं की. त्या आठवड्यापासून आमच्या इमारतीत एकच विषय उरला: काय घालायचं?

सल्ले उदंड होते. लाल नको, पिवळा नको, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. तळमजल्यावरचा इंग्रज शेजारी लिव्हरपूल या फुटबॉल संघाचा भक्त. त्याची सगळी कपडेसंपत्ती लाल. तो मला गंभीरपणे म्हणाला, "लाल शर्टवाल्यांच्या नेत्यानं मँचेस्टर सिटी विकत घेतली होती. त्यांचा रंग आकाशी. मग मी लाल घातला तर थाकसिनच्या बाजूचा कसा?" मुद्दा बिनतोड होता. फक्त तो रस्त्यातल्या हजारभर लोकांना थाईत समजावून सांगायचा होता. त्यानं शेवटी लिव्हरपूलचा शर्ट घरात, पडदे ओढून घालायला सुरुवात केली.

मी निळ्यावर आलो. पण एप्रिल २००९ मध्ये पट्टायाला आशियान देशांच्या परिषदेवर लाल शर्टवाले चालून गेले, तेव्हा त्यांना अडवायला निळ्या शर्टांचा एक जथा उभा राहिला. निळा गेला. हिरवा लष्कराचा, आणि तोही भरवशाचा नाही, कारण बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा सैनिकांना लोक कलिंगड म्हणू लागले होते. पोलिसांना टोमॅटो म्हणत, आतबाहेर लाल. म्हटलं, चौकड्याचा शर्ट घालावा, कुठल्याच एका रंगाचा नाही. तर २०१० मध्ये बहुरंगी शर्टवाल्यांचाच एक गट निघाला आणि तो नेमका आमच्या ऑफिसच्या सिलोम रस्त्यावर जमू लागला! काळ्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता, त्या एप्रिलमध्ये काळ्या कपड्यांतले बंदूकधारी दिसले होते. पांढरा काही काळ तरला. पण २०१४ मध्ये निवडणूक होऊ द्या म्हणून मेणबत्त्या लावणाऱ्यांनी पांढरे कपडे घातले, आणि तोही पक्षात गेला.

उरला राखाडी. राखाडी रंगाला जगात कुठे पक्ष नाही, कारण त्याच्यासाठी भांडावंसं कुणाला वाटत नाही. मी त्या रंगाचे शर्ट घाऊक भावात घेतले. लिफ्टमध्ये भेटणारे जर्मन, जपानी आणि आमचे दोन गुजराती बंधू असे सगळेच हळूहळू राखाडी होत गेले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हाच खरा मोठा पक्ष.

यात चेष्टा करण्यासारखं नव्हतं तेही सांगायला हवं. मार्च २०१० मध्ये लाल शर्टवाल्यांनी स्वतःचं रक्त काढून सरकारी कचेरीच्या फाटकावर ओतलं. सिलोमच्या टोकाला टायर आणि टोकदार बांबूंची भिंत उभी राहिली. १९ मेला सैन्य आत घुसलं, सेंट्रलवर्ल्ड हा अवाढव्य मॉल पेटला. त्या दोन-तीन महिन्यांत ९० हून अधिक माणसं मेली. त्यांचे शर्ट त्यांनी विचारपूर्वक निवडले होते.

आमचे मात्र कुणी पाहतही नव्हतं. हे मला आमच्या हिशेब खात्यातल्या ताईंनी सांगितलं. त्या स्वतः पिवळ्या, त्यांचा नवरा ईशान्येकडच्या इसानचा आणि पक्का लाल. घरी जेवताना टीव्ही बंद ठेवायचा, असा त्यांचा तह झालेला. माझ्या राखाडी धोरणाचं कौतुक होईल म्हणून मी ते त्यांना समजावून सांगितलं. त्या हसू आवरत म्हणाल्या, "तुम्ही रोज एकच शर्ट घालता असं आम्हाला वाटत होतं. मशीन बिघडलंय का, असं विचारायचं ठरलं होतं आमचं." परदेशी माणसाला आपण फार डोळ्यांत भरतो असं वाटत असतं. त्याचा व्हिसा मात्र दर वर्षी नव्यानं काढावा लागतो.

रंगांच्या या धास्तीला एकच व्यक्ती कधी बधली नाही, ती म्हणजे आमची सौभाग्यवती. १३ जानेवारी २०१४ ला सरकारविरोधी नेते सुथेप यांच्या आंदोलकांनी 'बँकॉक बंद' पुकारून मोठमोठे चौक अडवले. दुसऱ्या दिवशी संक्रांत. हिचं हळदीकुंकू आधीच ठरलेलं. मी म्हटलं, पुढे ढकल, रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. तिनं ऐकलं नाही. असोक चौकात व्यासपीठ, शिट्ट्या, तिरंगी फिती, आणि त्या गर्दीतून काळ्या साड्या नेसलेल्या मराठी बायका तिळगूळ घेऊन चाललेल्या. हिच्या हातात करंडा: एका वाटीत पिवळं, एका वाटीत लाल. तेवढ्या जवळ ते दोन रंग त्या वर्षी बँकॉकमध्ये दुसरीकडे कुठेही नसतील. एका आंदोलक आजीबाईंनी कौतुकानं कपाळ पुढे केलं. हिनं दोन्ही लावलं.

१३ ऑक्टोबर २०१६ ला राजे गेले आणि सगळे रंगच मिटले. वर्षभर देश काळ्या कपड्यांत होता. काळा शर्ट मिळेनासा झाला, लोक फुटपाथवर मोठ्या पातेल्यांत कपडे काळे रंगवून घेत होते. आमच्या घरी मात्र संक्रांतीच्या साड्यांची चळत तयार. फक्त काठांचा प्रश्न होता. दुखवट्यात साधा काळा हवा, आणि हिच्या एकूण एक काळ्या साडीला लाल नाहीतर पिवळा काठ.

पुढे तिथे नारिंगीचा जमाना आला. २०२३ च्या निवडणुकीत नारिंगीवाल्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, तरी सरकार दुसऱ्यांचं झालं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं तो पक्षच बरखास्त केला. त्यामुळे सहलीला निघालेली नातेवाईक मंडळी मला अजून फोन करून विचारतात, "कुठला रंग चालेल?" त्यांना सांगतो तेच इथे सांगतो. हवा तो रंग घाला, पण पाय झाकेल अशी पँट बॅगेत टाका. राजवाड्याच्या दारावर शर्टाचा रंग कुणी विचारत नाही, हाफ पँटवाल्याला मात्र आत सोडत नाहीत.