लाल पंचाहत्तर, पांढरे पंचवीस

महाराष्ट्रात बी.एस्सी.ला बायॉलॉजी घेणाऱ्यांतले बरेच जण मुळात डॉक्टर व्हायला निघालेले असतात. नीटची यादी त्यांच्या जरा अलीकडेच संपते आणि मंडळी बॉटनी-झूलॉजीच्या प्रयोगशाळेत येऊन बसतात. हा बदल सोसायटीपर्यंत पोचायला मात्र वेळ लागतो. बॉटनीवालीला जिन्यात गाठून काकू जास्वंदीवरच्या माव्याचं औषध विचारतात, आणि झूलॉजीवाल्याकडे वरच्या मजल्यावरचं मांजर तपासायला येतं. ही मुलं कॉलेजात नेमकं काय शिकतात, हे काकूंना ठाऊक नसतं आणि मांजरालाही नसतं. पहिलं वर्ष संपेस्तोवर मुलांनाही त्याचा पत्ता नसतो.

खरं शिक्षण कांद्यापासून सुरू होतं.

पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा. दोन-तीन दिवसांत मुळं फुटली की सकाळच्या वेळी त्यांची टोकं कापायची, आम्लात मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवायची, काचपट्टीवर घ्यायची, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. सगळी मदार या अंगठ्यावर. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींच्या अंगावर बसून राहतात. जास्त झाला तर ‘कट्’ असा आवाज येतो आणि प्रयोगशाळेतले मामा न बोलता फुटतुटीची वही उघडतात. इतकं सगळं करून मायक्रोस्कोपला डोळा लावावा, तर पहिल्यांदा दिसतो हवेचा बुडबुडा. ठसठशीत काळी कड, मधे लख्ख उजेड. त्यालाच पेशी समजून मन लावून आकृती काढणारा प्रत्येक बॅचमध्ये एक तरी निघतोच.

बुडबुडा बाजूला सारला की गुलाबी पिठलं दिसतं. मुळाच्या टोकाशी पेशी भराभर वाढत असल्या तरी ठरावीक क्षणी त्यांतल्या बहुतेक विभाजनात नसतात, त्यामुळे मधोमध शिस्तीत उभी असलेली सोळा गुणसूत्रं सहजासहजी गवसत नाहीत. जर्नलमध्ये मात्र ती वर्गातल्या एकूण एकाला गवसलेली असतात. टोकदार पेन्सिलीने काढलेली, नावांच्या रेघांसकट पुस्तकातल्या आकृतीशी जुळणारी. सर सही करतात. सरांच्या जर्नलातही हीच आकृती होती.

पण यावरून पोरांना हसण्यात अर्थ नाही. १९२३ साली टेक्सासच्या थिऑफिलस पेंटर यांनी माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं मोजली. ४६ की ४८ असा त्यांचा आधी घोळ चालला होता. शेवटी ४८ वर शिक्का बसला. त्यानंतर तीसेक वर्षं जगभरची शहाणी माणसं मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिली आणि ४८ मोजत राहिली! जो हिन त्जिओ या जावात जन्मलेल्या संशोधकाने स्वीडनमधल्या लुंड इथे पेशी नीट फुगवून, पसरून पाहिल्या, तेव्हा कुठे ४६ निघाली. आल्बर्ट लेवान यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९५६ साली छापून आला. डोळा मायक्रोस्कोपला आणि मन पुस्तकात, ही काही फक्त टी.वाय.च्या पोरांची खोड नव्हे.

जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला वाटाण्याऐवजी मणी येतात. दोन डब्यांत लाल आणि पांढरे मणी निम्मे निम्मे घालायचे, न बघता प्रत्येकातून एकेक काढून जोड्या लावायच्या, लाल रंग वरचढ धरायचा आणि मेंडेलचं तीनास एक गुणोत्तर मिळवायचं. शंभर जोड्यांत ७३ आणि २७ यावेत, ७९ आणि २१ यावेत, यात काहीच वावगं नाही. किंबहुना काय-स्क्वेअर चाचणी शिकवतात ती एवढ्याचसाठी. पण या बाकावर, पलीकडच्या बाकावर आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाच्या जर्नलातही आकडे एकच असतात: लाल ७५, पांढरे २५.

मेंडेलचे स्वतःचे आकडे इतके सज्जन नव्हते. गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. तरीसुद्धा १९३६ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्याचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, असं दाखवून दिलं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. फिशरचा संशय मेंडेलपेक्षा, कोणतं उत्तर हवं आहे हे पुरतं ओळखून असलेल्या एखाद्या मदतनिसावर होता. म्हणजे ब्रनोच्या मठातही मामा असावेत.

झूलॉजीत पूर्वी बेडूक, उंदीर, झुरळ यांच्यावर हात बसायचा. २०१४ मध्ये यूजीसीने विच्छेदन थांबवलं. प्राणी सुटले हे उत्तमच झालं. पण संगणकावरचं झुरळ दर वेळी एकाच जागी, एकाच तऱ्हेने उघडतं आणि कधीही टेबलावरून पळून जात नाही.

पुस्तकाचं काही चालत नाही ते बॉटनीच्या सहलीत. महाबळेश्वर, आंबोली, कास. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, त्यातलं वर्णन अजूनही चालतं. मात्र समोरच्या झाडाचं पान किड्याने खाल्लेलं असतं, फूल कालच गळलेलं असतं आणि कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. पदवी तेवढा वेळ थांबत नाही, त्यामुळे कित्येक बॅचा कारवीचं फूल न बघताच पास होतात. गोळा केलेलं वर्तमानपत्रात दाबून ठेवायचं आणि कागद रोज बदलायचे. बदलले नाहीत की बुरशी येते. अर्थात, बुरशीही बॉटनीच्याच अभ्यासक्रमात आहे. पण पानाला हात लावून, वास घेऊन, देठ मोडून चीक येतो का ते बघून झाड ओळखायला मुलं शिकतात ती इथेच. तीन वर्षांतला सर्वांत कामाचा धडा, आणि त्याला मार्क सगळ्यांत कमी.

तुमच्या घरी यंदा कोणी व्हायवाला बसणार असेल तर एवढं सांगून ठेवा. कांदा १६, माणूस ४६, ड्रोसोफिला ८. इथे वाद नाही. एका ग्लुकोजपासून एटीपी किती, असं विचारलं तर मात्र घाई करू नये. जुनी पुस्तकं ३८ सांगतात, नवी ३० किंवा ३२. उत्तर देण्याआधी परीक्षकांचं एम.एस्सी. कोणत्या सालचं आहे, त्याचा अंदाज घ्यावा.