दोनच घेतल्यात, साहेब!

शनिवारची रात्र, नाकाबंदी, काच खाली येते आणि हवालदाराला ठरलेलं उत्तर मिळतं : ‘दोनच घेतल्यात, साहेब!’ न विचारताच कबुलीजबाब. पेग किती, हे कायदा विचारतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 फक्त 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आहे का, ते बघतं. असेल तर पहिल्या खेपेला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांचा दंड किंवा दोन्ही. ‘इथंच पावती फाडा’ चालत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

पण एवढ्यावर भागवेल तो आपला माणूस कसला! श्वास तपासायचं यंत्र पुढे केलं की गडी गाल टम्म फुगवतो आणि हवा आतच ठेवतो. दरडावलं की ‘फुंकणार नाही, काय करायचं ते करा!’ करता येतं : दारूचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक. शिवाय हा नकारच पुढे सरकारी पुराव्याला टेकू देतो. ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून चावी हातात देणाऱ्या जिवलग मित्रासाठी त्याच कायद्याचं कलम 188 आहेच. चिथावणीला तीच शिक्षा.

मग आवाज खाली येतो. ‘मिटवून टाका ना, साहेब.’ लाचविरोधी कायद्याच्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत कैद आहे. 6 महिन्यांतून सुटण्यासाठी 7 वर्षांचा धोका पत्करणारा हा माणूस दिवसा इतरांना गुंतवणुकीचे सल्ले देत असतो.

पैसा मोठा असला की मिटवणंही मोठं. मे 2024मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शखाली दोन तरुण अभियंते गेले. अल्पवयीन चालकाच्या जामिनाला 300 शब्दांच्या निबंधाची अट लागली, हे अख्ख्या देशानं ऐकलं. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि अटकेच्या यादीत ससून रुग्णालयाचे डॉक्टर आले, मुलाचे आईवडीलही आले. चाक एकाच्या हाती होतं, आरोपात कुटुंब बसलं.

शेवटचा हुकमी पत्ता : ‘शुद्धच नव्हती हो!’ भारतीय न्याय संहितेचं कलम 24 म्हणतं, स्वतःहून प्यालास ना? मग शुद्धीतल्या माणसाला जेवढी जाण असते, तेवढी तुलाही होती असंच धरणार.

ही जाण मोजल्यावर शिक्षा किती होते? नोव्हेंबर 2006मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेरानं दारू पिऊन फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली. सात जण गेले. सत्र न्यायालयानं 6 महिने दिले, हायकोर्टानं सदोष मनुष्यवधाखाली 3 वर्षं. 2012मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही शिक्षा फारच तोकडी आहे, पण ती वाढवून मागायला सरकार आमच्याकडे आलेलंच नाही. तेव्हा तो प्रश्न आम्ही हाती घेत नाही.

अपिलाची मुदत सरकारनं कुठल्या नशेत घालवली, ते दाखवणारं यंत्र अजून निघायचंय.