बॅफल हवा की कागद पुरे?

डेन्व्हर, कोलोरॅडो

तीर्थरूप आबांस,


नातवाच्या मॉडेल रॉकेटच्या छंदापायी आम्ही घरात दारूगोळा साठवतोय की काय, ही तुमची शंका रास्त आहे. दारू असते हे खरं. पण ती कारखान्यातच मोजून, कागदी नळकांड्यात ठासून येते. बाकी रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी आणि बाल्सा लाकडाचे पंख. दिवाळीचा बाण एकदा सुटला की तो कोणाच्या कौलांवर पडला याची चौकशी आपण करत नाही, उलट शेजाऱ्याआधी आपणच वर बघायचं थांबवतो. या रॉकेटला मात्र सुखरूप परत यावं लागतं. 1954 साली नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑरव्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं, त्यातही पॅराशूट होतंच. वर जाण्याचं काम दारू करते, त्यात आपली हुशारी फारशी नसते. आपली कसोटी परतीला लागते. म्हणून पॅराशूट जळू न देणारा भाग हा रॉकेटचा दागिना नव्हे, मुख्य अवयवच आहे, आणि रुंद अंगाच्या, वारंवार उडवायच्या रॉकेटात तो भाग कायमचा बसवलेला बॅफलच असावा, असं माझं मत आहे. सूनबाईंचं मत निराळं आहे, पण पत्र मी लिहितोय.

दारूच्या त्या नळकांड्यावर, म्हणजे मोटरवर, ‘सी 6-5’ असं छापलेलं असतं. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग 5 ते 10 न्यूटन-सेकंदांच्या गटातला, 6 म्हणजे सरासरी रेटा 6 न्यूटन, आणि 5 म्हणजे रेटा संपल्यावर 5 सेकंदांनी होणारा वरच्या बाजूचा छोटा स्फोट. या इजेक्शन चार्जच्या दाबाने नाकाडाची टोपी उडते आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. अडचण अशी की पॅराशूट बहुधा पातळ प्लास्टिकचं असतं, आणि दाबाबरोबर दारूचे जळते कण व मातीच्या झाकणाचे तापलेले तुकडेही वर येतात. आपल्याला दाब हवा, ठिणग्या नकोत. यावरचा उपाय तुम्ही रायगडच्या महादरवाज्यात पाहिलेला आहे. गोमुखी बांधणीमुळे वाट दोन बुरुजांमध्ये अशी वळते की हत्तीला सरळ धावत येऊन धडक देता येत नाही. बॅफल म्हणजे नळीत आडव्या बसवलेल्या, भोकं पाडलेल्या दोन चकत्या. त्यांतून वायू हलका म्हणून वळणं घेत पुढे जातो; कण जड, त्यांना एवढ्या वेगात वळता येत नाही, ते पहिल्याच चकतीवर आपटून तिथेच राहतात.

बांधकाम तुमच्या हातच्या कामासारखं सोपं आहे. जोडनळीच्या दोन टोकांना प्लायवुडच्या दोन चकत्या चिकटवायच्या. एकीत कडेकडेने भोकं, दुसरीत मध्यभागी, म्हणजे कुठलंच भोक दुसऱ्यासमोर येत नाही. भोकं किती? ढोबळ नियम असा की प्रत्येक चकतीतल्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ मोटर बसते त्या नळीच्या तोंडापेक्षा कमी नको, नाहीतर दाब टोपीऐवजी मोटरलाच मागे ढकलून देईल. तोंड 18 मिलिमीटरचं, म्हणजे सुमारे 254 चौरस मिलिमीटर. 6 मिलिमीटरच्या एका भोकाचे सुमारे 28. तेव्हा नऊ भोकं. 40 मिलिमीटर रुंदीच्या नळीत ती आरामात मावतात. मोटरकडच्या चकतीला इपॉक्सीचा हात द्यायचा, कारण सगळा मार तीच खाते. पॅराशूट बांधायची दोरीही बॅफललाच अडकवता येते. तिचा खालचा भाग उष्णता सोसणाऱ्या केवलारचा असला म्हणजे वरच्या भागातलं रबर करपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, पॅराशूटखाली कागद कोंबला की झालं! कोंबतात, पण तो सहज पेट न घेणारा खास कागद असावा लागतो. इथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे आईने जपलेली रद्दी बाद. शिवाय हा कागद प्रत्येक उड्डाणाला नवा लागतो, मैदानभर विखुरतो, आणि ‘घातला का रे?’ हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो. बॅफल विसरता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. सूनबाईंचा आक्षेप वजनाचा. तो खरा आहे, पण अर्धाच: चकत्या गुरुत्वमध्याच्या पुढे बसल्या तर तो मध्य नाकाकडे सरकतो आणि रॉकेट अधिक सरळ जातं. बारीक अंगाच्या रॉकेटात मात्र ना भोकांना जागा, ना वजनाला वाव. तिथे कागदच बरा, हे मी मुकाट्याने मान्य करतो.

काजळीचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. काळी दारू जळल्यावर तिचं निम्म्याहून अधिक वजन घनरूपात उरतं, आणि ते भोकांच्या कडांवर साठत जातं. म्हणून दर वेळी मोटर बसवण्याआधी नळी ठोकून झटकायची आणि फुंकर मारून पाहायची. वारा अडला तर साफ केल्याशिवाय उड्डाण नाही. बॅफल खरंच चालतो का, याचाही पुरावा मिळवता येतो. पहिल्या उड्डाणात पॅराशूटखाली एक कागद तरीही ठेवायचा आणि मग तो शोधून वाचायचा: नुसता काळवंडला तर काम झालं, भोकं पडली तर चकत्यांमधलं अंतर किंवा भोकांची जागा चुकली. माझ्या मताला किंवा सूनबाईंच्या मताला मग किंमत उरत नाही, कागद सांगेल ते खरं.

मोटरी विमानातून आणता येत नाहीत, तेव्हा आईला निर्धास्त राहायला सांगा. पुढच्या खेपेला नुसत्या चकत्या घेऊन येतो. भोकं पाडायला तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

आईस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा