रस्त्यावरच्या दोन शाळा

भर मंगळवारी पुणे-नाशिक महामार्गावर हल्ली वर्ग भरतात. मुलांना गाडीतूनच शिकवणारे पालक शिवनेरीवर इतिहास उरकतात, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या लांबून दाखवून विज्ञान संपवतात. नारायणगावची मिसळ ही मधली सुट्टी. मग नाणेघाट. तिथल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञाच्या दक्षिणेतल्या गाई आकड्यांत मोजल्या आहेत. बेरीज मुलाने करायची, फोटो आईने काढायचा.

दिवाळीच्या सुमारास याच भागात ऊसतोड टोळ्या येतात, जुन्नरच्या ‘विघ्नहर’साठी, आंबेगावच्या ‘भीमाशंकर’साठी. त्यांची पोरेही प्रवासातच शिकतात: वाढे गोळा करणे, धाकट्याला कडेवर घेऊन चूल पेटवणे आणि अंधार पडल्यावर कोपीबाहेर न पडणे, कारण इथल्या उसात बिबट्या असतो. पर्यावरणाचा इतका प्रात्यक्षिक तास कुठल्याही गाडीत होत नाही.

सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र ‘शाळाबाह्य’ भरतात ती हीच पोरे. 2009चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या दोघांनाही सारखाच लागू आहे. स्थलांतरितांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. ते दाखवून जवळच्या शाळेत बसता येते, फड शाळेजवळ पडला तर.